जलरंगात ऊन दाखवायचे तर कागद कोरा राखा
पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांवरचे किंवा चुन्याच्या भिंतीवरचे ऊन रंगवायचे नसते, तर पहिल्या वॉशपासून (पाणीदार रंगाच्या पहिल्या थरापासून) तेवढी जागा कोरी राखायची असते. ते ऊन उजळ भासते शेजारच्या सावलीमुळे. ती काळ्या रंगाने केली की मळकट दिसते, म्हणून अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) अर्धवट मिसळून, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर, भरल्या ब्रशने एका दमात सावली उतरवावी आणि पुन्हा तिच्यात ब्रश घालू नये (मोह सर्वांनाच होतो). वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना तो थोडा जास्तच गडद ठेवावा. कडेला साचलेला थेंब मात्र पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा, नाहीतर तो मागे पसरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटवतो.