पार्किंगचं पहिलं अपील फेटाळलं, आता पुढे?

दर वर्षी गणपतीच्या हॉलवर आरती झाली की कुणीतरी मला कोपऱ्यात घेतं. एका हातात प्रसादाची प्लेट, दुसऱ्या हातात फोन, फोनवर पत्राचा फोटो. "दादा, हे बघा ना. शंभर पौंड मागतायत. अपील केलं होतं, नाही म्हणाले. भरून टाकू का?"

भरू नका असं मी लगेच म्हणत नाही. आधी एकच विचारतो, पत्र कुणाचं आहे? इंग्लंडमध्ये पार्किंगची दोन प्रकारची पत्रं येतात आणि दोन्हींना लोक पीसीएनच म्हणतात. एक काउन्सिलचं, पेनल्टी चार्ज नोटीस. तो कायद्याने ठोठावलेला दंड असतो, त्याची वाट निराळी आणि टाळाटाळ केली तर शेवटी बेलिफ, म्हणजे जप्तीचा अधिकार असलेला माणूस, दारात येऊ शकतो. दुसरं खासगी कंपनीचं, पार्किंग चार्ज नोटीस. सुपरमार्केट, रिटेल पार्क, जिम, बिल्डिंगखालचं पार्किंग अशा जागी हेच येतं. हा दंड नाही. 'आमच्या जागेत गाडी लावताना पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्या, त्या मोडल्या, आता पैसे द्या' असं म्हणणारं ते बिल असतं. मी लिहितोय ते या दुसऱ्याबद्दल.

मी २०१३ मध्ये रीडिंगला आलो. पहिलं असं पत्र आलं तेव्हा चोवीस तासांच्या आत पैसे भरून मोकळा झालो. चौकटीत छापलेला नंबर, गाडीचा मागून काढलेला फोटो, मिनिटासकट वेळा. मला वाटलं पोलिसांचंच आहे, व्हिसावर शेरा बसणार. तसं काही नसतं. हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नाही.

पहिल्या अपिलाचं उत्तर कोण देतं ते लक्षात घ्या. ज्याला पैसे हवेत तोच. तुळशीबागेत पहिल्या भावाला दुकानदार 'परवडत नाही हो' म्हणतो, त्याला जेवढं वजन द्याल तेवढंच या नकाराला द्या. त्या पत्रातल्या दोन गोष्टी मात्र नीट वाचायच्या. एक, तुम्ही पहिलं अपील पत्र आल्यापासून १४ दिवसांत केलं असेल तर सवलतीचा दर (बहुधा १०० ऐवजी ६० पौंड) पुन्हा १४ दिवसांसाठी देऊ केलेला असतो. दोन, पुढचं अपील कुठे करायचं आणि कधीपर्यंत.

या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पुढे अपील केलंत की सवलत गेली, हरलात तर पूर्ण रक्कम. म्हणून आधी स्वतःशी खरं बोला. पाटी ढळढळीत होती, तुम्ही वाचली होती आणि तरी तासभर जास्त थांबलात, असं असेल तर ६० पौंड भरा आणि विषय संपवा. 'एवढ्याशा चुकीला एवढे पैसे कसे' या मुद्द्यावर २०१५ सालीच सुप्रीम कोर्टाचा निकाल लागलाय. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, बॅरी बीव्हिस ५६ मिनिटं जास्त थांबले, ८५ पौंडांचं बिल आलं. ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि हरले. कोर्टाचं म्हणणं, पाट्या मोठ्या होत्या, रक्कम ठळक लिहिली होती, गाड्या हलत्या ठेवण्यात जागेच्या मालकाचं रास्त हित होतं. कंपन्या हा निकाल प्रत्येक पत्रात तोंडावर फेकतात. पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की पाटी मोठी आणि रक्कम ठळक हवी. तुमच्या जागेतली पाटी झाडाआड, अंधारात, मुंगीएवढ्या अक्षरांत असेल तर बीव्हिसचा निकाल तुमच्याही कामाचा आहे.

आता पुढचं अपील. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर ते पोपलाकडे (पार्किंग ऑन प्रायव्हेट लँड अपील्स) जातं, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएसकडे (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस). दोन्ही अशी अपिलं ऐकणाऱ्या संस्था. कुठे जायचं हे तुम्ही ठरवत नाही, पत्रातच लिहिलेलं असतं. पोपला फुकट आहे, नकाराच्या पत्रात दिलेला दहा आकडी कोड लागतो आणि मुदत २८ दिवसांची. पोपलाचा निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीवर बंधनकारक, विरुद्ध लागला तर तुमच्यावर नाही. म्हणजे सवलत सोडली तर हातचं दुसरं काही जात नाही. आयएएसबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ओळखीतल्या तिघाचौघांनी प्रयत्न केले, सगळे हात हलवत परत आले. तरी मुदत पाळून करा, पुढे कोर्टात 'मी सगळे मार्ग वापरले' असं म्हणता येतं.

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक पहिल्या अपिलातच झालेली असते, आणि ती आपल्या संस्कारांतून येते. आपण माफी मागून सुरुवात करतो. 'मी या देशात नवीन आहे, बाळ रडत होतं, मी गाडी लावली आणि पाटी पाहिली नाही, क्षमस्व.' पोपलाचा माणूस बाळाचा विचार करत नाही, नोटीस नियमाप्रमाणे दिली गेली का एवढंच तो पाहतो. आणि 'मी गाडी लावली' या तीन शब्दांत तुम्ही सगळ्यात भक्कम मुद्दा घालवून बसता.

तो मुद्दा समजून घ्या. पैसे देणं लागतो तो ड्रायव्हर. कंपनीला ड्रायव्हर माहीत नसतो, तिला डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, गाडीच्या रजिस्टर्ड कीपरचं (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचं) नाव-पत्ता विकत मिळतो. कीपरकडून पैसे मागायचे असतील तर २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टमधल्या चौथ्या परिशिष्टाच्या अटी तंतोतंत पाळाव्या लागतात. काचेवर तिकीट न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून पत्र पाठवलं असेल तर ते पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत कीपरला मिळालेलं असलं पाहिजे. पोस्टात टाकलेलं पत्र कायद्याच्या हिशेबाने दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळतं, शनिवार-रविवार मोजत नाहीत.

माझ्या शेजाऱ्यांच्या पत्राचा हिशेब सांगतो. गाडी लावली सोमवार, ३ मार्च २०२५ ला. चौदावा दिवस १७ मार्च. पत्रावर तारीख शुक्रवार, १४ मार्च. शुक्रवारी पोस्टात टाकलं असं धरलं तरी पहिला कामाचा दिवस सोमवार १७, दुसरा मंगळवार १८. एका दिवसाने उशीर. पहिल्या अपिलात त्यांनी नशिबाने 'गाडीचा कीपर या नात्याने लिहितो' एवढंच लिहिलं होतं, ड्रायव्हर कोण ते सांगितलं नव्हतं. पोपलात हा एक मुद्दा मांडला आणि काम झालं. काचेवर तिकीट चिकटवलेलं असेल तर गणित वेगळं, तेव्हा कीपरला पत्र २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ दिवसांच्या आत यावं लागतं. म्हणून कुठलंही पत्र आलं की पाकीट फेकू नका, आणि पाकीट उघडल्याबरोबर वर पेनाने मिळाल्याची तारीख लिहा. ड्रायव्हर कोण हे न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. खोटं मात्र कधीच लिहायचं नाही, भारतात असलेल्या भावाच्या नावावर ढकलण्याचे उद्योग तर नकोतच.

विमानतळ आणि रेल्वे स्टेशनवरच्या बऱ्याच जागा उपविधींखाली (त्या जागेच्या खास कायदेशीर नियमांखाली, बायलॉज) येतात, तिथे कीपरला जबाबदार धरण्याची ही सोयच लागू होत नाही. आई-बाबांना घ्यायला गेलो आणि पत्र आलं, अशी तक्रार आपल्याकडे नेहमीची, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाकीचे मुद्दे झटपट सांगतो. आत शिरून पाटी वाचून राहायचं की नाही हे ठरवायला किमान पाच मिनिटं, आणि मुदत संपल्यावर निघायला दहा मिनिटं हे पार्किंग कंपन्यांच्या स्वतःच्या आचारसंहितेतच आहे. कॅमेरा गेटवरची वेळ टिपतो, गाडी उभी होती ती वेळ नाही. पैसे भरताना गाडीच्या नंबरात एखादं अक्षर चुकलं असेल तर तेही सांगा, त्यासाठी पूर्ण रक्कम मागणं आचारसंहितेत बसत नाही. आणि जागेच्या मालकाने बिलं पाठवण्याचा अधिकार दिल्याचा करार दाखवा, असं नेहमी मागा. तो करार कधी जुना निघतो, कधी त्यात वेगळ्याच जागेचा नकाशा असतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. एका शनिवारी सकाळी १०:१२ ला रिटेल पार्कमध्ये गेलो, बिघडलेली किटली परत केली, १०:४० ला बाहेर. दुपारी मुलीचे शाळेचे बूट घ्यायला पुन्हा २:०५ ला आत, २:५० ला बाहेर. फुकटची मर्यादा तीन तास. दहा दिवसांनी पत्र, 'तुम्ही ४ तास ३८ मिनिटं थांबलात'. कॅमेऱ्याने पहिलं येणं आणि शेवटचं जाणं तेवढं धरलं, मधलं जाणं-येणं गिळून टाकलं. पहिल्या अपिलात मी सरळ लिहिलं की दोन वेगळ्या फेऱ्या होत्या. उत्तर आलं, आमच्या नोंदी अचूक आहेत.

पोपलाच्या वेबसाइटवर रकान्यांत चार ओळी न खरडता मी वेगळी पीडीएफ जोडली. त्यात किटलीची पावती, बुटांची पावती, आणि दोन्हींच्या मधली दुपारी १२:०७ ची पेट्रोलची पावती, तिथून सात मैलांवरच्या पंपाची. त्याच वेळेची बँकेची नोंद. फोनच्या नकाशातला त्या दिवसाचा प्रवास. खाली एक वाक्य, 'माझ्या गाडीच्या त्या दिवसाच्या सगळ्या कॅमेरा नोंदी दाखवा, फक्त दोन नकोत.' कंपनीने उलट पुरावा पाठवलाच नाही, माघार घेतली. पेट्रोलची पावती गाडीच्या दाराच्या खणात गोळा होऊन पडली होती. घरी यावरून मला वर्षानुवर्षं बोलणी बसायची, त्या दिवसापासून बंद.

कंपनीने पुरावा पाठवलाच तर तो तुम्हालाही दाखवतात आणि त्यावर लिहायला सात दिवस मिळतात. इथे नवे मुद्दे चालत नाहीत. त्यांनी कशाला उत्तर दिलं नाही ते दाखवायचं. पाट्यांचे फोटो जुने आहेत का, दिवसाउजेडीचे आहेत का, तुम्ही रात्री गेला होता का, ते बघा.

हे सगळं चालू असताना आणखी एक वाट उघडी असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात सोपी. ज्या दुकानात खरेदी केली तिथल्या मॅनेजरला जाऊन भेटा, पावती दाखवा, पार्किंग कंपनीला हे रद्द करायला सांगा म्हणावं. अपील हरल्यावरही हे चालतं. आपली माणसं मात्र तक्रार करायची म्हटलं की संकोचतात.

सगळीकडे हरलात आणि भरायचं नाही असं ठरवलंत तर मग पत्रांचा पाऊस सुरू होतो. लाल अक्षरं, वसुली कंपन्या, रक्कम ७० पौंडांनी वाढलेली. वसुलीवाल्यांच्या हाती कसलाही अधिकार नसतो, ते बेलिफ नव्हेत. घाबरू नका, फोन करू नका, पत्रं एका फाइलीत ठेवत जा. दोन पत्रांकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही. एक 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे दावा लावण्याआधीची नोटीस, त्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. दुसरं कोर्टाचा क्लेम फॉर्म. त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी तो तुम्हाला मिळाला असं धरतात, तिथून १४ दिवसांत ऑनलाइन पोच द्यायची, म्हणजे बचाव लिहायला एकूण २८ दिवस मिळतात. बचाव दिला की आधी फोनवर मध्यस्थी होते, ती आता सक्तीची आहे, आणि तिथे काही जमलं नाही तर जवळच्या काउंटी कोर्टात स्मॉल क्लेमची (छोट्या रकमेच्या दाव्याची) सुनावणी. हरलात तरी खर्च धरून आकडा साधारण दोनशे-अडीचशेच्या घरात जातो, आणि त्यातल्या वाढीव ७० ला न्यायाधीशापुढे हरकत घेता येते. निकालानंतर महिन्याभरात पैसे भरले तर नोंद पुसली जाते. नाही भरले तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहते, आणि मॉर्गेज काढायला जाल तेव्हा टोचते.

स्कॉटलंडमध्ये कीपरची ही जबाबदारी लागू नाही, म्हणून तिकडचे मित्र 'फाडून टाक' म्हणतात. ड्रायव्हर कोण हे कळलं की तिथेही दावा चालतो. २०१७ मध्ये डंडीच्या कोर्टाने एका बाईला अशाच साठलेल्या तिकिटांपोटी २४,५०० पौंड भरायला सांगितले होते.

आणि घर बदललंत की त्याच आठवड्यात व्ही५सी वरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता बदला. नवी मंडळी पहिल्या दोन वर्षांत तीन घरं बदलतात, लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि गाडीचा विसरतात. हे दोन वेगळे कागद आहेत. क्लेम फॉर्म जुन्या घरी जातो, तिथला नवा भाडेकरू तो कचऱ्यात टाकतो, कोर्ट एकतर्फी निकाल देतं, आणि तुम्हाला ते बँकेने कर्ज नाकारल्यावर कळतं. तसं झालंच तर एन२४४ फॉर्म भरून निकाल रद्द करून मागता येतो, पण त्याची फी मूळ तिकिटाहून कितीतरी जास्त असते. डीव्हीएलएच्या साइटवर पत्ता बदलायला पैसे पडत नाहीत. हॉलवर भेटलेल्या मुलाला मी आधी तेच करायला लावलं, प्रसादाची प्लेट धरून उभा राहिलो तोवर.