एका दिवसात चार घाट, आणि मागच्या सीटवर कुणाला गाडी न लागता

आमच्या आईला घाटात गाडी लागते. म्हणजे साधी नाही, खंबाटकी चढायच्या आधीच पिशवी हातात. त्यामुळे मी कितीही म्हटलं की मला घाटात गाडी मस्त चालवता येते तरी घरात कुणी मानत नव्हतं, कारण मित्रांबरोबर जाऊन आलो की सगळे 'काय हाणलीस रे' म्हणतात आणि आईला घेऊन गेलो की तिसऱ्या वळणावर गाडी बाजूला घ्यावी लागते. घाटात ड्रायव्हिंग चांगलं झालं की नाही हे मागच्या सीटला विचारायचं हे मला फार उशिरा कळलं. खाली जो रूट सांगतोय तो मी बऱ्याच वेळा केलाय, आणि शेवटच्या वेळी आईला घेऊन केलाय.

रूट असा. पुणे, जुना कात्रज घाट, कापूरहोळ फाटा, भोर, वरंधा घाट उतरून महाड, मग पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई, आणि सुरूर फाट्यावरून हायवेने घरी. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. आकडा छोटा वाटतो पण निम्म्याहून जास्त रस्ता वळणांचा आहे, त्यामुळे थांबत थांबत गेलं तर पूर्ण दिवस जातो आणि तो जाऊ द्यायचा.

कधी जायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. डोंगर अजून हिरवे असतात, कुठे कुठे धबधबा शिल्लक असतो आणि रस्ता कोरडा. भर पावसात हा रूट करू नका. वरंध्यात दरडी येतात आणि प्रशासन तो घाट पावसाळ्यात बरेचदा बंदच ठेवतं, भोरच्या पुढे जाऊन बॅरिकेड बघून परत येण्यात मजा नाही, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी करूनच निघा. पावसातच जायचं असेल तर ताम्हिणी आहे की. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात वीकेंडला घाट नसतो, रांग असते.

पहाटे साडेपाचला निघायचं, टाकी पुण्यातच फुल करून. टायरमधली हवा आदल्या दिवशी गार टायरला चेक करा आणि दाराच्या आत स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरा, घाटासाठी जास्त हवा वगैरे काही नसतं. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा कारण भोरच्या पुढे नेटवर्क येतं-जातं आणि बहुतेक वेळा जातंच.

हायवेचा नवा बोगदा सोडून जुन्या कात्रज घाटाने जायचं याला कारण आहे. हा छोटा घाट म्हणजे वॉर्मअप. चढून जुन्या बोगद्यातून पलीकडे गेलं की शिंदेवाडीकडे उतार लागतो, तिथे ब्रेक कसे लागतायत, गाडी एका बाजूला ओढतेय का, स्टेअरिंग थरथरतंय का, सगळं कळतं. काही गडबड वाटली तर पुणे अजून मागेच आहे, सरळ परत फिरा.

कापूरहोळला हायवे सोडला की रस्ता एकदम शांत होतो. भोरच्या अलीकडे नीरा नदी एका जागी असं वळण घेते की वरून बघितलं तर गळ्यातला हार दिसतो, लोक नेकलेस पॉइंट म्हणतात. गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर घेता आली तरच थांबा. भोरमध्ये नाश्ता करायचा असेल तर गाडी लागणाऱ्या माणसाला तर्रीवाली मिसळ देऊ नका (मी दिलीय, परिणाम सांगत नाही). पोहे, इडली असं कोरडं आणि हलकं द्या, पण उपाशीही ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. आणि त्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाईल काढून घ्या. डोळ्यांना मोबाईल स्थिर दिसतो आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, या दोघांचं भांडण म्हणजे गाडी लागणं. ड्रायव्हरला सहसा लागत नाही ते याचसाठी, पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं.

भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी लागतं आणि बराच वेळ सोबत करतं. इथे रस्ता अरुंद आहे, वळणं सोपी, बाजूला पाणी, सकाळी धुक्याचा एक थर त्यावर पडलेला असतो. हा पूर्ण दिवसातला माझा सगळ्यात आवडता तुकडा आहे, वरंध्याहूनही. इथे घाई करणाऱ्याला मी गाडीतून उतरवीन.

मग वाघजाई. देवीचं देऊळ, भज्यांची टपऱ्या-दुकानं, माकडं आणि समोर एकदम कोकण. काच बंद करून उतरा, माकडांना पिशवीचा आवाज लांबून कळतो. कांदाभजी, चहा, आणि निघायच्या आधी एक काम करायचं, गाडी सेकंडला टाकायची मनाची तयारी, कारण इथून खरा उतार.

उताराचा नियम एसटीचे ड्रायव्हर सांगतात तोच: जो घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या आधी थोडा. लोक काय करतात, थर्ड-फोर्थमध्ये टाकून ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, सतत घासून ब्रेक तापतात, जळका वास यायला लागतो, आणि फारच तापले तर ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे होऊन पेडल स्पंजासारखं खाली जातं. वास आला की गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं थांबा आणि चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकते. आणि न्यूट्रल? माझा एक मित्र पेट्रोल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करायचा. आजकालच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, म्हणजे वाचत तर नाहीच. बंद करून उतरणारे महाभाग पण बघितलेत, इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टेअरिंग दगड होतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी डी (ड्राइव्ह) वर टाकून विसरू नका, मॅन्युअल मोड किंवा एल (लो गिअर), जे काय असेल ते वापरा. इलेक्ट्रिकवाल्यांना रीजेनमुळे (उतारावर मोटरच वीज बनवून गाडी धरून ठेवते) उतार म्हणजे चैन, फक्त एक लक्षात ठेवा, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजेनला वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे महाबळेश्वरला चार्ज केलीत तर फुल करून लगेच पसरणी उतरू नका, थोडी रिकामी ठेवा.

आता वळण. सगळा खेळ वळणाच्या आधी संपवायचा, म्हणजे सरळ रस्त्यावरच ब्रेक, सरळ रस्त्यावरच गिअर खाली, आणि वळणात शिरलं की पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका, एकसारखा. नजर बॉनेटसमोर नको, वळण जिथे संपतंय तिथे. स्टेअरिंग एकदाच फिरवायचं आणि एकदाच सोडायचं, मधे मधे तुकडे पाडले की मागच्यांची डोकी डोलतात. आंधळ्या वळणाला हॉर्न द्या, आणि गाणी बारीक ठेवून काच दोन बोटं उघडी ठेवा, म्हणजे समोरच्याचा हॉर्न पण ऐकू येईल. काही वळणांवर गोल आरसे लावलेत, ते बघायची सवय लावा. आणि काही झालं तरी आपली बाजू सोडायची नाही, वळण कापायचं नाही, व्हिडिओत रेसिंग लाइन बघून आलेले लोक विसरतात की इथे समोरून दुधाचा टेम्पो येतो.

आईसाठी मी एक ट्रिक केली, अर्धी भरलेली पाण्याची बाटली कपहोल्डरमध्ये ठेवली आणि तिच्यातलं पाणी शक्य तितकं कमी हिंदकळेल असं चालवायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं चिडचिड झाली, मग हात-पाय आपोआप मऊ झाले. गंमत म्हणजे वरंधा उतरायला नेहमीपेक्षा फक्त सात-आठ मिनिटं जास्त लागली.

खाली उतरलं की वरंध गाव, मग बिरवाडी, मग महाड. हवा जड होते, भूक लागते. वेळ असेल तर चवदार तळ्यावर जाऊन या, बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह केला ते हे तळं, गावातच आहे. रायगड इथून जवळ आहे पण तो आज नको, रायगडाला स्वतंत्र दिवस द्या. पोलादपूरपर्यंत मुंबई-गोवा हायवे, त्याबद्दल कमी बोललेलं बरं.

पोलादपूरहून आंबेनळी सुरू होतो आणि इथे आता चढण. महाडला तुम्ही जवळपास समुद्रसपाटीला होतात आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर, म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये ही सगळी उंची चढायची. बाजूने सावित्रीचं खोरं. महाबळेश्वरला उगम सांगतात त्या पाच नद्यांपैकी ही पश्चिमेला, अरबी समुद्राकडे पळते. सकाळची नीरा पूर्वेला जाते, संध्याकाळी वाईला कृष्णा भेटेल ती पण पूर्वेला, आणि मधे आपण सह्याद्रीची धार दोनदा ओलांडतो.

चढणीला मोमेंटम तोडायचा नाही. इंजिन कण्हायला लागायच्या आधीच गिअर खाली, सेकंडला लाज वाटू देऊ नका, हेअरपिनला, म्हणजे पार उलटं फिरणाऱ्या वळणाला, फर्स्ट लागला तरी हरकत नाही. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरणारे लोक क्लच प्लेट जाळतात, थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा, निघताना क्लच पकडतोय असं जाणवलं की मग हँडब्रेक सोडा. हेअरपिनच्या अलीकडे वर बघायची सवय लावा, वरच्या रस्त्यावरून एसटी किंवा ट्रक येताना दिसतो. दिसला तर वळणाच्या आधीच थांबा, त्याला वळायला सगळा रस्ता लागतो, मधे घुसलात तर दोघांनाही रिव्हर्स घ्यावं लागतं आणि मागचे हॉर्न मारतात ते वेगळं. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे, नुसता शिष्टाचार नाही. सध्या तुम्ही वर जाणारे आहात, पण समोरच्याला तो माहीत असेल असं धरून चालू नका.

ट्रकच्या मागे अडकलात तर एक सांगतो. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा काही जण 'ये पुढे' म्हणतात आणि काही जण 'समोरून येतंय, थांब'. आता याच्यात निवड करायची असेल तर थांबायचीच करा. सरळ पट्टा दिसेपर्यंत मागे राहा, आणि इतकं चिकटून नको की त्याच्या मागच्या फळीशिवाय काही दिसतच नाही.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा येतो. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाची भेट झाली ती इथेच, गडाच्या पायथ्याशी, आणि गाडीत बसून हे जावळीचं रान बघितलं की खानाला फौज घेऊन इथे उतरवण्यात महाराजांची काय हुशारी होती ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं. गड करायचा असेल तर दीड-दोन तास धरा. आम्ही फाट्यावरूनच हात जोडले, आईचे गुडघे.

महाबळेश्वरला जास्त रेंगाळू नका, चारच्या आत निघा. दुपारनंतर गर्दी होते आणि कधी कधी ढग खाली येतात. धुकं आलं तर लो बीम आणि फॉग लॅम्प, हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून जा.

पाचगणीनंतर पसरणी. घाट लहान आहे, दहा-बारा किलोमीटरमध्ये थेट वाई, पण उतार नेमका तेव्हा येतो जेव्हा तुम्ही दमलेले असता, सूर्य खाली आलेला असतो आणि टूरिस्ट गाड्या घाईत असतात. चुका इथेच होतात. सकाळी वरंध्यात शिकलेलं सगळं इथे परत करायचं, सेकंड-थर्ड, ब्रेक कमी, आणि मागून कुणी फारच घाई करत असेल तर जागा बघून बाजूला घ्या आणि जाऊ द्या, त्याचं त्याच्यापाशी. खाली वाई, शेतांचे चौकोन, उजेड चांगला असेल तर धोमचं पाणी चमकताना दिसतं.

बाकी घाट थोडक्यात, कारण विचारणार तुम्ही. आंबोली पावसात सुंदर पण धबधब्यापाशी शनिवारी जाऊ नका. गगनबावड्याला रस्ता फुटतो, एक करूळ आणि एक भुईबावडा, एकाने उतरून दुसऱ्याने चढा, मजा येते. कुंभार्ली ट्रकांचा. माळशेज धुक्याचा. गोव्याला जायचं तर चोर्ला, जंगल जबरदस्त, पण रात्री नको.

वाईत गणपती घाटावर गाडी लावली, हात चाकापासून वीतभर लांब धरून बघितला, कोमट होतं, जळका वास नाही. बाटलीतलं पाणी होतं तेवढं होतं. शेजारी आई उशीला डोकं लावून झोपलेली, हलवून उठवलं तर म्हणे, "अरे, घाट कधी सुरू होणारे?"