हाताने बनवलेले दागिने विकायचे आहेत? सुरुवात कानातल्यांपासून करा

स्वतःसाठी ओवलेल्या माळेची कडी निसटली, तर आपण ती पुन्हा बसवून मोकळे होतो. विकलेल्या माळेची निसटली, तर ते गिऱ्हाईक सहसा परत फिरकत नाही. म्हणून रंगसंगती आणि नक्षी यांच्या आधी जोडकाम पक्के करा, असे मी आवर्जून सांगेन.

१. एकच प्रकार निवडा
लोंबत्या कानातल्यांपासून सुरुवात करणे सगळ्यांत सोयीचे. साहित्य थोडे लागते आणि मापाची कटकट नसते. अंगठी किंवा ब्रेसलेट घेतले, की चार-पाच मापे बनवून ठेवावी लागतात आणि भांडवल अडकते.

२. हत्यारे आणि तार
निमुळत्या तोंडाच्या दोन पकडी, गोल तोंडाची एक, तार कापायचा कटर आणि बारीक कानस एवढे पुरते. पकडीच्या तोंडाला आतून दाते नकोत, तारेवर ओरखडे उठतात. तारेचा गेज जितका मोठा, तितकी तार बारीक: २० गेज म्हणजे साधारण ०.८ मिमी, कानातल्या हुकांसाठी योग्य. २४ गेज म्हणजे ०.५ मिमी, मणी गुंडाळायला बरी.

३. कानात जाणारा धातू
इथे काटकसर नको. निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. स्वस्त हुकांवरचा मुलामा झिजला, की खालचा धातू थेट कातडीला लागतो. टायटॅनियम किंवा नायोबियम सर्वांत निर्धोक. ९२५ चांदीही चालते. तिच्यात हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुतेक तांबे असते.

४. जोडणी
मणी तारेत ओवा, मण्याच्या अगदी वर तार काटकोनात वाकवा, साधारण १ सेंमी ठेवून बाकीची कापा आणि गोल पकडीभोवती फिरवून फास करा. पकडीचे तोंड टोकाकडे बारीक होत जाते, त्यामुळे दर वेळी जागा बदलली तर फासही लहानमोठे होतात. तोंडावर मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि तार नेहमी तिथेच धरा.

जंप रिंग म्हणजे दोन भाग जोडणारी, एका जागी कापलेली तारेची बारीक कडी. ती उघडताना दोन्ही टोके एकमेकांपासून लांब ओढू नका, तिचा गोल बिघडतो. दोन पकडींनी दोन्ही बाजू धरा, एक बाजू स्वतःकडे आणि दुसरी पलीकडे वळवा. बंद करतानाही तसेच, पण टोके जुळण्याच्या किंचित पुढे नेऊन मागे आणा. टोके एकमेकांना घासल्याचे बोटांना जाणवते. मग फटीत शिवणाचा दोरा घालून पाहा. दोरा शिरला तर रिंग अजून उघडी आहे.

हुक पेनाभोवती वाकवा, आणि जोडीचे दोन्ही एकाच वेळी, म्हणजे ते सारखे उतरतात. बाक हलक्या हातोडीने ठोकला की तार कडक होते आणि हुक पसरत नाही. कापलेले टोक कानशीने गोल करून मऊ कापडावर फिरवा. धागा अडकला, तर कानही दुखणार.

५. आधी स्वतः वापरा
पहिली जोडी काही दिवस घालून घरात वावरा. केस अडकतात का, रिंग सरकते का, कान ओढला जातो का, हे कळते. माझ्या मते एका कानातल्याचे वजन १० ग्रॅमच्या आत असावे.

६. किंमत
साहित्य, पाकीट आणि तुमचा वेळ यांची बेरीज करा. वेळेत फोटो काढणे आणि पॅकिंगही आले. नवखे लोक स्वतःची मजुरी सोडून देतात आणि विक्री वाढली की दमून जातात. वर हत्यारांची झीज आणि नफा धरा. पुढे दुकानात माल ठेवायचा विचार असेल तर दुकानदाराचा वाटा आत्ताच किमतीत बसवा, नंतर भाव वाढवणे अवघड जाते.

७. फोटो आणि माहिती
खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. एक फोटो कानात घातलेला असू द्या, म्हणजे आकार कळतो. लांबी, वजन आणि धातू स्पष्ट लिहा. मुलामा असेल तर मुलामाच लिहा. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते, म्हणून ती हवाबंद पिशवीतून द्या.

प्रत्येक नमुन्याला किती लांबीची तार आणि कोणते मणी लागले, ते वहीत टिपून ठेवा. एक कानातले हरवले म्हणून तसेच दुसरे मागणारे गिऱ्हाईक येतेच.