सीडी की डाउनलोड? कन्सोलचे गेम घेताना या चुका टाळा

दिवाळीत सुदामानगरातून ताईचा फोन आला. ‘अरे, याचं नवं प्लेस्टेशन आलंय, पण सीडी घालायची फटच सापडत नाहीये. तू येऊन बघतोस का?’ मला हसू आलं, आणि लगेच विरलंही. भाच्याने दहा हजार वाचतात म्हणून ड्राइव्ह नसलेलं प्लेस्टेशन ५ उचललं होतं, आणि त्याच्या कपाटात पीएस४, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन ४ च्या अकरा सीड्या होत्या. यंत्र जुने गेम चालवतं हे त्याने नीट वाचलं होतं. कशातून चालवणार, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

(इंदुरात चकचकीत तबकडी दिसली की ती सीडी. डीव्हीडी असो, ब्लू-रे असो. जेल रोडवर ‘ब्लू-रे आहे का’ असं विचाराल तर दुकानदार भिया, म्हणजे भाऊ, तुमच्याकडे बघत राहील. म्हणून मीही सीडीच म्हणतो.)

घरात, बिल्डिंगीत, ऑफिसात कुणी कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र, घ्यायचं म्हटलं की माझ्याकडे विचारणा होते. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक गेम घेताना पहिल्या दिवसाचा विचार करतात: स्वस्त कुठे, लवकर कुठे. गेम खेळून संपला की त्याचं काय करणार, हे कुणी ठरवत नाही. सीडी की डाउनलोड याचं उत्तर मात्र तिथेच असतं.

यंत्र घेतानाच अर्धा निर्णय होऊन जातो

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा सीडीवालं ४९,९९० ला होतं आणि डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेलं, ३९,९९० ला. हा दहा हजारांचा फरक डोळ्यांत भरतो. पण हिशोब करून बघा. सोनीचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांच्या घरात असतात. समजा सीडी घेतली, महिन्याभरात गेम संपवला आणि तीन हजारांना विकला, तर गेम दोन हजारांत पडला. असे चार गेम विकले की सीडीवाल्या यंत्राला जादा मोजलेले दहा हजार वसूल होऊन वर पैसे उरतात. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, लग्नात आहेर म्हणूनही देता येत नाही.

उलट बाजूही आहे. वर्षाला दोनच गेम घेणारा आणि तेही सेल लागल्यावरच घेणारा माणूस डिजिटल यंत्रावर मजेत राहतो. वर्षभर जुना झालेला गेम ऑनलाइन दुकानात निम्म्या किमतीला, कधी त्याहूनही खाली येतो. मात्र तिथे दुकान एकच, भावही एकच. जेल रोडवर चार काउंटर फिरता येतात, घासाघीस करता येते, ते इथे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलमध्ये ड्राइव्ह नाहीच, आणि बाहेरून जोडायची सोयही नाही. प्लेस्टेशन ५ चं पातळ मॉडेल भारतात एप्रिल २०२४ मध्ये आलं. त्याच्या डिजिटल यंत्राला ड्राइव्ह मागाहून बसवता येतो, पण बसवल्यावर एकदा इंटरनेटवरून तो यंत्राशी जोडून घ्यावा लागतो. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला तो बसतच नाही. भाच्याकडे नेमकं तेच होतं, सेकंडहँड घेतलेलं.

सेकंडहँडवरून आठवलं. जुन्या प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह त्याच्या मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटशी बांधलेला असतो. कुणी दुरुस्तीत दुसऱ्या यंत्राचा ड्राइव्ह बसवला असेल तर यंत्र चालू होईल, मेनू दिसेल, गेमची सीडी मात्र चालणार नाही. म्हणून वापरलेलं यंत्र बघायला जाताना खिशात एक सीडी घेऊन जा. ती लावून गेम सुरू होईपर्यंत पैसे काढू नका.

‘सीडी आहे, मग नेट कशाला?’

हा गैरसमज आमच्या पिढीचा. पीएस२ वर सीडी घातली की गेम सुरू व्हायचा. आता सीडी ही कुलपाची किल्ली झाली आहे. पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्सवर गेम सीडीवरून यंत्राच्या साठवणीत उतरतो आणि तिथूनच चालतो. तरीही खेळताना सीडी आत लागतेच, हा गेम तुमचा आहे हे यंत्राला पटवायला. पीएस४ च्या सीडीवर पीएस५ चा मोफत अपग्रेड मिळाला असेल, तरी दर वेळी ती जुनी सीडी घालावी लागते.

म्हणजे सीडीमुळे जागा वाचत नाही. मूळ पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेले असतात, हातात साधारण ६६७ येतात. सिरीज एस च्या ५१२ पैकी ३६४ च्या आसपास. शंभर जीबीचे तीन गेम टाकले की सिरीज एस जवळपास भरलं. यूएसबी हार्ड डिस्क लावली तर पीएस५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात, तिच्यावरून खेळता येत नाहीत. खेळायचं असेल तर आत एम.२ एसएसडी, म्हणजे छोटी वेगवान साठवण, बसवायची. पीएस४ चे गेम मात्र त्या यूएसबीवरून चालतात, म्हणून जुने गेम बाहेर हलवून आतली जागा मोकळी करा. आणि पीएस४ वर अपडेटच्या वेळी ‘जागा नाही’ असा संदेश आला आणि तुम्हाला जागा दिसत असेल, तर यंत्र खोटं बोलत नाहीये. अपडेट करताना ते गेमची दुसरी प्रत बनवतं, त्यामुळे मूळ गेमएवढी मोकळी जागा आणखी लागते.

काही सीड्यांत तर गेमच नसतो. २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा मॉडर्न वॉरफेअर २ आला, त्याच्या पीएस५ सीडीवर सुमारे ७० एमबी होते. बाकी सगळं डाउनलोड. निन्टेन्डोने २०२५ मध्ये स्विच २ हे कन्सोल आणलं, त्याचे गेम सीडीऐवजी छोट्या कार्डावर येतात, त्यातही काही कार्डांवर फक्त किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. अशा खोक्यावर तसं छापलेलं असतं. बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका. एवढं मात्र खरं की किल्लीचं कार्डही दुसऱ्याला विकता येतं, डाउनलोडचं तेवढंही नाही.

डाउनलोडचा वेळ मोजताना एमबीपीएस आणि एमबी यांची गल्लत हमखास होते. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. १०० जीबीचा गेम सगळं सुरळीत असताना सव्वादोन तास घेईल. ४० एमबीपीएसवर तोच साडेपाच तास, आणि वायफायचा राउटर बैठकीत, कन्सोल मागच्या खोलीत असेल तर रात्रभर. मित्रांना रविवारी संध्याकाळी बोलावलं असेल तर गेम शनिवारी रात्री लावून ठेवा. यंत्र रेस्ट मोडमध्ये, म्हणजे झोपवून ठेवलं तरीही, डाउनलोड करत राहतं. जमलं तर राउटरपासून साधी लॅन केबल ओढा, फरक लगेच कळतो.

स्वस्तात ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती मी स्वतः केली आहे.

ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएस४ वर एका खात्याचं एक यंत्र ‘प्रायमरी’ करता येतं. त्या यंत्रावर घरातला कुणीही आपल्या खात्यातून ते गेम खेळू शकतो. खात्याचा मालक स्वतः दुसऱ्या यंत्रावर नेट चालू ठेवून खेळू शकतो, त्याला म्हणायचं ‘सेकंडरी’. सोय घरच्यांसाठी केलेली. पण कुणीतरी शक्कल लढवली की एकच गेम एका खात्यावर घ्यायचा आणि दोन अनोळखी लोकांना विकायचा. एकाला प्रायमरी, दुसऱ्याला त्याहून स्वस्त सेकंडरी.

मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा एक फुटबॉलचा गेम बाराशे रुपयांत मिळाला. विकणाऱ्याने आयडी, पासवर्ड दिला, वर ‘भिया, लाइफटाइम है’ अशी हमीही दिली. लाइफटाइम सात आठवडे टिकलं. एके दिवशी गेमच्या चित्रावर कुलूप दिसलं, पासवर्ड चालेना, आणि नंबर बंद. तक्रार कुठे करणार? खातं माझं नव्हतंच, आणि असं खातं विकणं-घेणं सोनीच्या अटींविरुद्ध आहे. त्या बाराशे रुपयांत सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, चार जणांनी पोटभर खाल्लं असतं.

घरातल्या घरात मात्र ही सोय हक्काने वापरा. पीएस५ वर सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड अकाउंट्स’, त्यात ‘अदर’, तिथे ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ आहे. दादाच्या खात्यावर ते चालू ठेवलं की धाकट्याला वेगळा गेम घ्यावा लागत नाही, आणि नेट गेलं तरी खेळ थांबत नाही. एका खात्याला असं एकच पीएस५ ठेवता येतं. स्वतः विकत घेतलेल्या गेमवर अचानक कुलूप दिसलं, तर घाबरून पुन्हा खरेदी करू नका. आधी हे शेअरिंग दुसऱ्या यंत्रावर तर राहिलं नाही ना ते पाहा, आणि मग त्याच ‘अदर’मध्ये ‘रिस्टोअर लायसेन्सेस’ दाबा. नव्वद टक्के फोन मी एवढ्यावरच मिटवतो. आकडा अंदाजाचा आहे, पण फोन खरे.

दुबईची सीडी, भारताचं खातं

कुणाचा काका दुबईहून येताना सीडी आणतो. पीएस४, पीएस५ चे गेम कुठल्याही देशाच्या यंत्रावर चालतात, तेव्हा गेम सुरू होतो आणि सगळे खूश. रडारड होते ती त्याच गेमच्या जादा प्रकरणांची, जादा खेळाडूंची किंवा नकाशांची डाउनलोड खरेदी केल्यावर. ती ज्या विभागाच्या दुकानातून घेतली, त्याच विभागाच्या सीडीशी जुळते. भारतीय खात्यातून घेतलेली भर परदेशी सीडीला लागेलच असं नाही, आणि पैसे तर गेलेले असतात. ज्या गेमसाठी पुढे काही विकत घ्यायचा विचार आहे, त्याची सीडी इथलीच घ्या.

गिफ्ट कार्डाचंही तसंच. अमेरिकेच्या कार्डाचा कोड भारतीय खात्यात भरला जात नाही. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही, तेव्हा खातं उघडताना घाईत भलताच देश दाबू नका.

घेतला, आवडला नाही, परत करू

प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. आणि ऑटो-डाउनलोड चालू असेल तर तुम्ही ‘बाय’ दाबता त्याच क्षणी ते सुरू झालेलं असतं. शंका असलेला गेम फोनच्या अॅपवरून घ्या, ऑटो-डाउनलोड बंद ठेवून. आणखी एक घोटाळा इथेच होतो: एकाच गेमची पीएस४ आणि पीएस५ अशी दोन रूपं यादीत शेजारी असतात. लोक पीएस५ वर पीएस४ चं रूप उतरवून ‘एवढं काही खास नाही’ म्हणत बसतात.

विकत घेतला म्हणजे कायमचा?

डाउनलोडमध्ये तुम्ही गेम वापरायची परवानगी विकत घेता. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, नवं घेता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये फुटबॉलच्या फिफा गेमच्या जागी ईए स्पोर्ट्स एफसी २४ आला आणि त्याच सुमारास जुने फिफा ऑनलाइन दुकानांतून उतरवले गेले. सीडी मात्र अजूनही जुन्या बाजारात मिळते.

पण सीडीवाल्यांनी लगेच मिशीला ताव देऊ नये. युबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, तेव्हा डाउनलोडवाले आणि सीडीवाले एकाच रांगेत उभे राहिले. म्हणून फक्त ऑनलाइन चालणारा गेम कपाटात जपायला घेऊ नका. प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला मिळणारे गेमही वर्गणी भरता तोवरच तुमचे.

टूथपेस्ट लावू नका

ओरखडा पडला की टूथपेस्ट, हा उपाय कॉलेजात आम्ही सर्रास करायचो आणि साध्या सीडीवर तो कधी कधी लागूही पडायचा. पीएस४, पीएस५ च्या सीड्या मात्र ब्लू-रे असतात, त्यांची गोष्ट वेगळी. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१. त्यावर एक कडक लेप असतो, त्यामुळे बारीक ओरखडे सहसा पडत नाहीत. पण घासून तो लेपच काढलात तर राहिलं काय? पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याकडेही देऊ नका. मऊ मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. जुनी सीडी घेताना चमकणारी बाजू उजेडात तिरकी धरून बघा, आणि मे महिन्यात तिला गाडीच्या डॅशबोर्डवर सोडून राजवाड्यावर खरेदीला जाऊ नका.

मी स्वतः गोष्टीचे, एकदा संपणारे गेम सीडीवर घेतो. रोज अर्धा तास खेळायचा क्रिकेट-फुटबॉलचा गेम डाउनलोड, कारण दर वेळी सीडी बदलायला कोण उठणार. शिवाय खेळांच्या सीडीचा भाव पुढच्या वर्षीचा गेम आला की कोसळतो, ती विकून फार हाती लागत नाही. त्यातही नवा आल्या-आल्या घेत नाही, सेलची वाट बघतो.

भाच्याच्या अकरा सीड्यांपैकी चार विकल्या. सात रामबागेतल्या मावसभावांकडे फिरताहेत, त्यांच्याकडे अजून पीएस४ आहे. परवा एक परत आली, तिच्यावर पोह्याच्या तेलाचे बोटांचे ठसे आणि एक शेवेचा दाणा. ताईने ती लगेच पदराने गोल गोल पुसायला घेतली, तेव्हा मी तिच्या हातातून ओढून घेतली.