'पॉवर' करून ठेवली, आता काळजी नाही? या चुका टाळा

स्टॅम्प पेपर आणायचा, टायपिस्टच्या छापील मजकुरात नावं भरायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा, की अर्ध्या तासात 'पॉवर' (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र) तयार. वडिलांनी मुलाच्या नावे सही केली म्हणून घर निर्धास्त होतं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या आजोबांना पक्षाघात झाला. बोलणं गेलं, माणसं ओळखू येईनात. मुलगा पुण्याहून रातोरात आला, सकाळी मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला. मॅनेजरने विचारलं, "बाबा कसे आहेत?" त्याने खरं ते सांगितलं आणि व्यवहार तिथेच थांबला. यात बँकेचा आडमुठेपणा नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारा वारला किंवा त्याचं भान हरपलं, की मुखत्याराचा अधिकार संपतो. नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी! मग हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अर्ज करून पालक नेमून घ्या. वैद्यकीय अहवाल, वारसांची संमती, मालमत्तेची यादी जमवा. तोवर आयसीयूचं बिल रोज वाढतंय. इंटरनेटवरच्या नमुन्यातली 'माझं भान गेलं तरी अधिकार चालू राहील' ही ओळ उतरवून काही होत नाही. ती सोय परदेशातल्या कायद्यात आहे, आपल्याकडे नाही.

म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल अशा) जोडखात्यात असू द्या, आणि तोही बचत खात्यात. एफडी जोडनावाने असली तरी मुदतीआधी मोडायला बँका सहसा दोघांच्याही सह्या मागतात. घर, दुकान, भाडं असा पसारा असेल तर शुद्धीत असतानाच ट्रस्ट करा, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवून ती कशी वापरायची ते लिहून ठेवा. वकिलाची फी लागेल, लागू द्या.

दुसरी चूक उपचारांच्या बाबतीत. पॉवरमध्ये 'औषधोपचाराचे निर्णय' असे दोन शब्द घातले म्हणजे व्हेंटिलेटर काढण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी लिव्हिंग विल लागतं, म्हणजे भान गेल्यावर कोणते उपचार नकोत आणि निर्णय कोणी घ्यायचा हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सुप्रीम कोर्टाने ते 2018 मध्ये मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागे. 24 जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णय घेणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं घालता येतात. दोन घालाच, एक अमेरिकेत असेल तर दुसरा इंदुरातला हवा. प्रत त्या दोघांना, फॅमिली डॉक्टरला आणि नगर निगमच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. लॉकरमध्ये ठेवू नका: रात्री दोनला लॉकर कोण उघडणार?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि खातेदाराच्या जिवंतपणी त्याला काहीच अधिकार नसतो.

कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवू नका. कधीच नाही.

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी प्रतिनिधी वेगळा नेमायचा असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली साध्या कागदावर सही किंवा अंगठा चालतो, पण नेमलेल्या व्यक्तीची लेखी संमती हवी.

मोठा मुलगा म्हणून त्याचं नाव, ही सवयही सोडा. डॉक्टरांसमोर जो रडत बसणार नाही आणि भावंडांना फोन करून सांगेल, तो निवडा. मग ती धाकटी सून का असेना. कागद करण्याआधी तिला समोर बसवून विचारा, "नळ्या काढा असं सांगायची वेळ आली, तर सांगशील?" ती गप्प राहिली तर दुसरं नाव शोधा.