फक्की, फिता आणि भूमिती : खो-खोच्या पोरींना दहावी करवताना

बीएस्सी झाल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून मी तासगावकडच्या माझ्या गावी परत आले. संध्याकाळी अभ्यासिकेतून सुटले की पाय आपोआप शाळेच्या मैदानाकडे वळायचे, कारण मी स्वतः विभागापर्यंत खो-खो खेळलेली. आमचे क्रीडाशिक्षक एके दिवशी म्हणाले, "बारातल्या सातजणी दहावीला आहेत. पळायला सांगितलं की पळतात, गणित काढायला सांगितलं तरी पळतात. बघ काही जमतंय का."

त्याला आता चार वर्षं झाली. आपल्या शाळेच्या संघासाठी असं काही सुरू करायचं म्हणून अधूनमधून कुणी ना कुणी विचारत असतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पुस्तकं उघडायच्या आधी कॅलेंडर उघडा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटात होतात; आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. पावसाळ्यात सुरू झालेली ही माळ दिवाळीच्या पुढेपर्यंत चालते. तालुक्याला हरलेल्या संघाचा अभ्यास बुडत नाही, बुडतो तो जिंकणाऱ्यांचा. त्यात आमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, नंतर विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. पोरी विभागाहून परत आल्या की वर्गात नाही, बागेत जातात. जानेवारीत पूर्वपरीक्षा समोर उभी. बोर्डही आता अलीकडे सरकलंय, 2025 मध्ये दहावीचा पहिला पेपर 21 फेब्रुवारीलाच झाला. म्हणजे "स्पर्धा संपल्या की बघू" म्हणायला जागाच उरलेली नाही. जून-जुलैत जेवढं पुढे नेता येईल तेवढं न्यायचं.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली, ती आधी सांगते. खांबावर सूर मारणारी आमची सगळ्यात भारी मुलगी पहिल्या चाचणीत गणितात 40 पैकी 6 वर आली. मी सरांना म्हटलं, हिला पंधरा दिवस सरावाला घेऊ नका, तो वेळ अभ्यासाला द्या. सर नाखुशीने हो म्हणाले. ती सरावाला आली नाही, अभ्यासाला आली नाही, आणि चौथ्या दिवसापासून शाळेतही यायची थांबली. मी घरी गेले तर आई म्हणाली, "खेळायचं नाही तर शाळेत कशाला जाऊ म्हणती." तिला परत आणायला पावणेदोन महिने लागले, आणि आणलं मी नाही, तिच्या तुकडीतल्या दोघींनी आणलं. तेव्हापासून मी सरावाला हात लावत नाही. ज्या एका गोष्टीपायी ती पोर रोज शाळेच्या फाटकातून आत येते, तीच काढून घेऊन तिला अभ्यासाला बसवणार कशी?

'तुकडी' म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांसाठी : संरक्षणाला एका वेळी तीन खेळाडू मैदानात उतरतात, त्या बाद झाल्या की पुढच्या तीन. सुरुवातीला मी अभ्यासाचे गट गुणांवरून पाडले होते. एक हुशार, एक मध्यम, एक कच्ची, कागदावर फार सुरेख. पण हुशार मुलगी सांगायची आणि बाकीच्या दोघी माना हलवायच्या. मग एकदा पोरीच म्हणाल्या, ताई, आम्ही खेळतो तशाच बसतो. बसू दिलं. तीन वर्षं एकत्र पळणाऱ्या मुलींना एकमेकींचा दम कुठे संपतो ते माहीत असतं. "तुला हे कळलं नाही" हे मी म्हटलं की कच्च्या मुलीचा चेहरा पडतो. तिची जोडीदारीण तेच म्हणते तेव्हा ती शिवी देते आणि पुन्हा वही ओढते.

वेळही खेळातूनच आला. सराव संपल्यावर सरांचं स्टॉपवॉच माझ्याकडे असायचं आणि त्यांचा डाव नऊ मिनिटांचा. नऊ मिनिटांचे चार डाव, म्हणजे 36 मिनिटं. आक्रमणाच्या डावात मी प्रश्न टाकायचे, संरक्षणाच्या डावात त्या मला विचारायच्या. दमलेल्या, भुकेल्या मुलीला तासभर बसवणं म्हणजे तिला झोपवणं. (आणि हो, आधी खायला द्या. भिजवलेले हरभरे आणि गूळ, याहून जास्त काही लागत नाही.)

आता फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची गोष्ट. मोठ्या गटाचं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. स्पर्धेआधी आखणी पोरीच करतात. सरांकडे एक जुनी सुतळी आहे, तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरांनी गाठी मारलेली. कोपऱ्यात खुंटी ठोकायची, सुतळी त्रिकोणात ताणायची की कोपरा काटकोनात येतो. पोरी तिला 'सरांची दोरी' म्हणतात. सातवीपासून ती ताणत आलेल्या मुली दहावीच्या भूमितीतलं दुसरं प्रकरण, पायथागोरसचं प्रमेय, 'अवघड' म्हणून सोडून देत होत्या! मी एका संध्याकाळी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, मैदान चौकोनी झालं की तिरकं झालं हे कसं ओळखाल? कुणी म्हणालं नजरेनं, कुणी म्हणालं सर ओळखतात. मग जमिनीवरच खडूने मांडलं : 27 चा वर्ग 729, 16 चा वर्ग 256, बेरीज 985, वर्गमूळ 31.38 च्या आसपास. 50 मीटरचा फिता कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणला. एक कर्ण निघाला 31.52, दुसरा 31.25. क्षणभर शांतता. मग ती चाचणीत 6 मार्क पडलेली खांबवाली म्हणाली, "आयला, तिरकं हाय की! म्हणून मला त्या अंगाचा खांब लांब वाटतोय." त्या संध्याकाळी सगळं मैदान पुसून पुन्हा आखलं, अंधार पडेपर्यंत.

अशी गोष्ट प्रत्येक प्रकरणात सापडत नाही, ओढूनताणून शोधूही नका. वर्गसमीकरणाला खो-खोची फोडणी द्यायला गेले होते एकदा, पोरी हसून हसून बेजार. ते सरळ शिकवायचं.

गुणांचा हिशेब मात्र लवकर समजावून सांगा. गणितात बीजगणित 40, भूमिती 40 आणि शाळेकडचे अंतर्गत 20. विज्ञानातही लेखी 80 आणि प्रात्यक्षिकाचे 20. खेळाडू मुलींचे हे वीस गुण हकनाक जातात, कारण प्रयोगवही द्यायच्या दिवशी त्या एसटीत असतात. आम्ही प्रत्येकीला वर्गातली न खेळणारी एक मैत्रीण 'वहीजोडीदार' म्हणून लावून दिली. ती बुडालेल्या तासाची वही झेरॉक्सला देते आणि काय कधी जमा करायचं ते सांगते. मोबाइलवर वहीचे फोटो मागवून बघितले, ते कुणी परत उघडत नाही.

सवलतीचे क्रीडागुण हा वेगळा विषय. स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी पाहून ते मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि तिथून शिफारस बोर्डाकडे जाते. एका वर्षी एका मुलीचं प्रमाणपत्र कुणाच्या तरी कपाटात राहिलं आणि मुदत उलटून गेली. ती पास झाली, पण गुण गेले ते गेलेच. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेहून परतल्यावर प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये असतात. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख त्याच दिवशी तपासते.

पालकांशी बोलताना पदकांच्या गप्पा कमी मारा. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, हे ऐकून बापाला बरं वाटतं, पण तो दुसऱ्या दिवशी पोरीला बागेतच नेतो. त्याला सांगायचं ते असं : सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पोलीस भरतीला बारावी लागते. प्रमाणपत्र एकट्यानं काही होत नाही, मार्कशीटही एकटी पुरत नाही. हे समजलं की निदान पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात विरळणीला दुसरी बाई लावतात.

ती खांबवाली आता कॉलेजात आहे. दहावीला गणितात 100 पैकी 52. परवा स्पर्धेची आखणी होती, मी उशिरा पोचले. आठवीतल्या दोन पोरी फिता धरून उभ्या आणि ही कंबरेवर हात ठेवून ओरडत होती, "एकतीस अडतीस आल्याशिवाय फक्की मारायची नाही!"