दूरच्या दोन विद्यापीठांतून एक निवडताना या चुका टाळा

दोन्हीकडून प्रवेशाचं पत्र आलं, शेवटची तारीख तोंडावर आली, की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "दोन्हींत चांगलं कुठलं, तेवढं सांगा." मूल कसं आहे हे माहीत नसताना याचं उत्तर देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

रँकिंगवर निकाल लावणे

तो आकडा कशाचा आहे ते आधी बघा. २००३ पासून निघणाऱ्या, जगभरातल्या विद्यापीठांच्या शांघाय रँकिंगमध्ये ३० टक्के गुण नोबेल आणि गणितातलं फील्ड्स पदक मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी असतात. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, मूल मागे पडलं तर कुणाच्या लक्षात येतं, याला त्यात एकही गुण नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने दिलेल्या आकडेवारीवर तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी बोट ठेवलं आणि यूएस न्यूज या तिथल्या प्रकाशनाच्या क्रमवारीत ते विद्यापीठ २ वरून १८ व्या क्रमांकावर आलं. वर्गातलं शिकवणं काही एका वर्षात तेवढं घसरलं नव्हतं.

मी यादी बाजूला ठेवते आणि दुसऱ्या वर्षाचे विषय उघडते. सक्तीचे किती, निवडीचे किती आणि मुलाला हवा असलेला निवडीचा विषय गेल्या वर्षी खरंच शिकवला गेला का, हे विभागाला मेल करून विचारायचं. मेल मुलानेच लिहायचा.

"चालेल" म्हणजे होकार समजणे

नात्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी जागून मोठा तक्ता केला होता. फी, अंतर, रँकिंग, नोकऱ्या, प्रत्येकाला गुण. ते एकेक रकाना समजावत होते आणि ती कागदाचा कोपरा दुमडत, उलगडत बसली होती. शेवटी म्हणाली, "चालेल." प्रवेश झाला. हळूहळू तिचे फोन तुटक होत गेले आणि पहिली सत्रपरीक्षा न देताच ती घरी आली. मुख्य विषय तिथे पहिल्याच दिवशी ठरवावा लागत होता. दुसऱ्या विद्यापीठात त्यासाठी वर्षभराची मुभा होती आणि तिला तीच हवी होती. "मग तेव्हा का नाही बोललीस?" तर म्हणाली, "बाबांनी एवढी मेहनत घेतली होती."

वर्ष गेलंच, पण बापलेकीतला मोकळेपणा परत यायला त्याहून जास्त वेळ लागला.

म्हणून मी दोन कागद देते. पालकांनी आणि मुलाने वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपल्याला काय हवं ते लिहायचं आणि मुलाचा कागद आधी वाचायचा. मग मुलाने दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलायचं, पालक समोर नसताना. "आवडतं का तिथे?" असं विचारलं की "हो" येतं. "गेल्या मंगळवारी उठल्यापासून काय काय केलंस?" असं विचारलं की वर्ग, जेवण, एकटेपणा सगळं बाहेर येतं. याला दोन-तीन संध्याकाळी लागतात. तेवढी सवड नसणाऱ्यांनी मुलाला तीन-चार वर्षं लांब पाठवायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या चुका

फक्त पहिल्या वर्षाचा खर्च धरणे. वसतिगृहाची हमी अनेक ठिकाणी पहिल्या वर्षापुरतीच असते. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला किती गुण लागतात, तेही लेखी घ्या.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणे. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत किती तास लागतात आणि रात्री ताप चढला तर जवळ कोण आहे, ते बघा.

स्वागतदिनी परिसर बघणे. एरवीच्या दिवशी जा, चारनंतर ग्रंथालयात बसा.

मित्र तिकडे जातोय म्हणून जाणे. मैत्री सहसा टिकते, पण मित्राचा विषय तुमच्या मुलाला पेलेलच असं नाही.

आणि एका जागेची लेखी निश्चिती हातात येईपर्यंत दुसरीला नकार कळवू नका. ती आली की मात्र त्याच दिवशी कळवा, तिथे प्रतीक्षा यादीत कुणाचं तरी मूल ताटकळत असतं.